उजव्या बाजूलाही एक आहे

आधीच सांगते, मी हायस्कूलला विज्ञान शिकवते आणि असले अनुभव आजवर फक्त हसण्यासाठी वाचत आले. आज स्वतः लिहितेय, कारण घरात कोणी धड ऐकूनच घेत नाही...

आम्ही जळगावला, मेहरूण भागात राहतो. सासूबाई, म्हणजे अक्का, शिरपूरजवळच्या खेड्यात. त्यांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला, डाव्या बाजूला. इथल्याच एका हॉस्पिटलात दाखवलं. सर्जन म्हणाले, पोट पूर्ण उघडायची गरज नाही, दुर्बिणीने करू. छोटी छिद्रं, त्यातून कॅमेरा आणि हत्यारं, खराब तुकडा बाहेर काढायला तेवढा एक जरा मोठा छेद. अक्कांना पटेना.

"इतलासा भोकमाईन आतडं कसं निंघी?"

ऑपरेशनच्या दिवशी त्या स्ट्रेचरवर होत्या. मी वाकून त्यांचे केस टोपीत खोचत होते. एकदम त्यांनी पोटावर उजवीकडे तळहात दाबला आणि स्पष्ट म्हणाल्या, "डाक्टरले सांग, उजवा अंगले बी एक शे."

मी सर्जनना गाठलं.

"मॅडम, स्कॅनमध्ये उजवी बाजू स्वच्छ आहे."

"पण त्या स्वतः सांगताहेत, सर! दुर्बिणीतून दिसेल ना?"

"दुर्बिणीतून आतडं बाहेरून दिसतं. आतलं बारीक काही असेल तर नाही दिसत."

"मग नळी घालून आतून बघा!"

मी हट्टच धरला. वैतागून त्यांनी ऑपरेशनच्या टेबलावरच कोलोनोस्कोपी केली. उजवीकडे काही म्हणजे काही नव्हतं. ऑपरेशन छान झालं, अक्का दुसऱ्या दिवशी चालू लागल्या, आणि बोलणी मात्र मी खाल्ली — सर्जनची आणि नवऱ्याचीही. अक्कांना विचारलं तर म्हणाल्या, "मी? मी काय सांगू व माय? माले त्यातलं काय समजस?"

इतकी चिडले होते मी!

दिवाळीत चाळीसगावला ताईकडे गेले. तिला सगळा प्रकार रंगवून, हातवारे करून सांगत होते. ताई मध्येच म्हणाली, "थांब. त्यांनी हात कोणाच्या पोटावर दाबला होता?"

मी दाखवायला म्हणून पुन्हा तशीच वाकले, केस खोचायला दोन्ही हात पुढे केले...

माझ्या. हात माझ्या पोटावर होता.

तपासणी करून घ्यायची म्हटलं तर नवरा म्हणाला, "आईच्या बडबडीवरून?" डॉक्टर म्हणाले, "त्रास काय होतोय?" त्रास काहीच नव्हता! मग कशाला तपासायचं, म्हणे. शेवटी रक्त पडतं असं खोटं सांगितलं, तेव्हा कुठे कोलोनोस्कोपी झाली.

उजव्या बाजूला निघाला. लहान होता, पण कॅन्सरच. त्याच सर्जननी, त्याच पद्धतीने, दुर्बिणीने काढला. आज मी ठणठणीत आहे.

सर्जन म्हणतात, "योगायोग. लवकर सापडलं ना, मग झालं." नवरा म्हणतो, आता विषय सोड. कसा सोडू? अक्कांचं-माझं रक्ताचं नातं असतं तर आनुवंशिकता म्हणून मनाची समजूत घातली असती. ग्लानीत बरळल्या म्हणावं, तर भूल सोडाच, साधं इंजेक्शनही तोवर दिलं नव्हतं. मी नर्सला दोनदा विचारून घेतलंय.

गेल्या महिन्यात गावी गेले, तर अक्का ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. मी पुन्हा तेच काढलं. "अक्का, आठवून बघा ना. कसं कळलं तुम्हाला? कोणी सांगितलं?"

त्यांनी सूप बाजूला आपटलं. डोळ्यांत पाणी.

"तू बरी व्हयनी ना? मंग मन्हासंगे झगडस कसाले?"

मी शेंगा गोळा करायला लागले. खरंच, बरी झाले आहे मी. पण त्या दिवशी काय झालं ते मला कळलेलं नाही... आणि ज्यांना विचारायचं, त्यांनाही नाही.