नकाशात नसलेलं पाणी

२६ जुलै, पुणे

या ब्लॉगवरची शेवटची नोंद दिवाळीतली आहे. मधल्या काळात दोघातिघांनी मेल करून "सगळं ठीक ना?" विचारलं, त्यांनाही मी उत्तर दिलं नाही. माफ करा. कारण फार मोठं नव्हतं. प्रवास चालूच होते, पण परत आल्यावर ते कुणाला सांगावेत असं वाटेना.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी सांगते, मी हिंडते ती कामासाठी. कारखान्याच्या किंवा वीजकेंद्राच्या आवारात पडलेलं पावसाचं पाणी कुठून वाहतं, बाहेर पडताना सोबत काय घेऊन जातं, ते तपासून कागदावर आणायचं. त्या कागदांवर प्रदूषण नियंत्रण मंडळाने त्यांना दिलेल्या संमतीपत्राचं नूतनीकरण ठरतं. नमुना पाणी वाहायला लागल्यावर पहिल्या अर्ध्या तासात घ्यावा लागतो, कारण साचलेली घाण तेव्हाच निघते. म्हणजे पावसाच्या आधी पोचून वाट बघत बसायचं. पूर्वी आम्ही दोघी जायचो. सुनंदा बाटली धरायची, मी वेळ लिहायचे. दिवाळीनंतर तिने नोकरी सोडली आणि मुलीकडे बंगळुरूला गेली.

या वेळी जायचं होतं अमरावती आणि अकोल्याच्या मधल्या एका वीजकेंद्रावर. नाव लिहीत नाही. हवामान खात्याने पावसाचा अंदाज दिला, मी त्याच संध्याकाळची गाडी पकडली आणि सकाळी अमरावतीत उतरले, तर आकाश घासून ठेवलेल्या ताटासारखं लख्ख. राजापेठेत लॉज घेतला. सातशेत स्वच्छ खोली मिळते, फक्त रस्त्याकडची खिडकी घेऊ नका.

अमरावतीत गेलात तर गिला वडा खा. पातळ दह्यात बुडवलेला वडा आणि त्यावर हिरव्या मिरचीचा ठेचा. गाडीवाल्याने विचारलं, "एकल्याच का मॅडम?"

"एकटीच."

"मंग तिखट कमी टाकतो. रडाले बी कोनी सोबत पायजे."

मी हसले. खोलीवर जाईपर्यंत ते वाक्य डोक्यात राहिलं.

दुसऱ्या दिवशीही ऊन. खोलीत बसवेना म्हणून परतवाड्याची एसटी धरून अचलपूरला गेले. साधारण दीड तास लागतो, सकाळी निघालं तर जागा मिळते. जुने दरवाजे, तट, अरुंद गल्ल्यांतली दुकानं. शांतपणे हिंडायला चांगलं गाव आहे, पण मी नीट पाहिलं असं म्हणवत नाही, कारण दर पाच मिनिटांनी मान वर जात होती. आपण इकडे आणि पाऊस तिकडे पडून गेला तर? परतीच्या एसटीत मागच्या बाकावर दोन बायका बोलत होत्या.

"पाऊस कावून रुसला व?"

"रुसला नाई, माहेरी गेला. येते वापस. त्याले दुसरं घर हाये का?"

तिसऱ्या दिवशी पहाटेपासून ढग होते. अकोल्याची एसटी धरली, मूर्तिजापूरच्या पुढे एका फाट्यावर उतरले आणि तिथून ऑटो केला. पाऊस झालेला असेल तर ऑटोवाले आतल्या रस्त्याला येत नाहीत. काळी माती चाकात अडकते.

इथे थोडं मागचं सांगायला हवं. एप्रिलमध्ये मी याच वीजकेंद्राच्या पाण्याच्या वाटांचा नकाशा काढून गेले होते. कोळशाच्या ढिगावर पडलेलं पाणी सिमेंटच्या गटारातून गाळाच्या टाकीत जातं, तिथे गाळ बसतो, वरचं पाणी दोन तोंडांनी नाल्यात सुटतं. उतार यंत्राने मोजला होता. नकाशावर सही माझी होती आणि तो मंडळाकडे जमाही झाला होता.

अडीचच्या सुमारास पाऊस आला. केंद्राचे पर्यावरण अधिकारी वानखडे आणि मी रेनकोट घालून पहिल्या तोंडाशी उभे. एवढा पाऊस पडूनही तिथे करंगळीएवढी धार. उरलेलं पाणी गेलं कुठे? मी गटाराच्या कडेने उलटी चालत गेले. मध्यावर गटाराचा तळ चार बोटं वर उचलला गेला होता. काळं पाणी तिथे अडून तुंबत होतं, काठावरून सांडत होतं आणि पूर्वेच्या भिंतीखालच्या फटीतून बाहेर जात होतं.

"चला मॅडम, दोन नंबरवर जाऊ. वेळ जाते," वानखडे म्हणाले.

"नमुना इथलाही घ्यावा लागेल."

"हे जागा नकाशात नाही."

"नकाशा मी काढलाय."

"तेच तं म्हणून राहिलो. तुमचीच सही, अन् तुमीच म्हणसान चुकला? कागद अडकला तं जवाब मले द्या लागते." ते चिडले नव्हते. काळजीत होते.

मी घड्याळ पाहिलं. पाणी वाहायला लागून सतरा मिनिटं झाली होती. पहिल्या तोंडाची बाटली भरली होती, दोन नंबरची वानखडेंच्या हाती दिली आणि फाटकातून बाहेर पडून भिंतीला वळसा घातला. पलीकडे शकूरचाचांचं शेत, एक विहीर, दोन खोल्या. एप्रिलमध्ये त्यांच्या निंबाखाली मी पाणी प्यायले होते. चाचा पोतं डोक्यावर घेऊन बांधावर उभे होते, जणू ठरल्याप्रमाणे.

"आल्या का बाई?"

"चाचा, हे पाणी इकडे येतं हे तुम्ही सांगितलं होतं."

"सांगतलं होतं नं. तुमी लिवून बी घेतलं. मले वाटलं, लिवलं म्हनजे झालं."

लिहून घेतलं होतं हे खरं. वहीत आजही आहे: 'शेतकऱ्याच्या सांगण्यानुसार पूर्वेकडेही पाणी येते. पडताळणे.' अहवालात ते उतरलं नाही. यंत्र दुसरं सांगत होतं, शेत कोरडं होतं, जमिनीत हात जाईल एवढ्या भेगा होत्या.

"उन्हाळ्यात हे जमीन निजते," चाचा म्हणाले. "पानी पेली का फुगते, उठून बसते. घराच्या भिती फाडते, तुमचं गटार तं काय."

हे वऱ्हाडातल्या शाळकरी पोरालाही माहीत असतं. मलाही पुस्तकातून माहीत होतं. तरी मी या जमिनीचा उतार एप्रिलमध्ये एकदाच मोजला आणि तो बारा महिन्यांचा म्हणून सही केली.

बाटली धरायला दोन हात लागतात, आणि वेळ लिहायला तिसरा. बाटली मी धरली, चाचांनी फोनवर वेळ वाचून मोठ्याने सांगितली आणि माझी वही पोत्याखाली धरली. चोविसाव्या मिनिटाला बाटली भरली. फॉर्मवर हजर असणाऱ्याच्या सहीची जागा असते. तिथे त्यांनी उर्दूत सही केली.

"आता हे बी लिवूनच ठेवसान का?"

"नाही," मी म्हटलं. बाटलीवर तीन नंबर घातला.

घरात चाचींनी चहा दिला. मडक्याच्या तोंडाला बांधलेलं पांढरं फडकं त्यांनी सोडून दाखवलं. मधोमध काळं वर्तुळ. पाऊस जोराचा झाला की विहिरीचं पाणी असं गाळावं लागतं. मी कप हातात घेऊन थांबले होते. त्यांच्या ते लक्षात आलं.

"पी लो बाई, हँडपंप का है. मेहमान को कुएँ का नहीं देते."

त्या रोज विहिरीचंच पाणी पितात आणि मी एका कपाला अडखळले, हे इथे लिहिलं पाहिजे म्हणून लिहिते.

अकोल्याहून रात्रीची गाडी होती. स्लीपरचं आरक्षण आठवडाभर आधी केलं तर मिळतं. शेजारच्या बर्थवर कुणी आलं नाही, म्हणून बाटल्यांची बर्फाची पेटी तिथे ठेवली. गाडीतून आमच्या ऑफिसच्या सरांना फोन केला. ते म्हणाले, "आधी प्रयोगशाळेचं येऊ दे, मग बघू. घाई कशाला?" सकाळी पुण्यात पेटी दिली तेव्हा प्रयोगशाळेतल्या मुलीने विचारलं, "यादीत दोनच आहेत, ही तीन नंबर कुठली?" मी म्हटलं, "पूर्वेची भिंत. लिहा."

सुनंदा असती तर एप्रिलमध्येच तिने विचारलं असतं, "पडताळलंस का?" असं वर एका ठिकाणी लिहिलं होतं, ते खोडलं. ती नव्हती हे कारण होऊ शकत नाही. वही माझ्याच हातात होती.

घर तसंच होतं. कुंडीतली माती सुकून कडेपासून सुटली होती. पाणी घातलं, ते सरळ फटीतून खाली गेलं, बशीत आलं. थोड्या वेळाने पुन्हा घातलं, तेव्हा मातीने धरलं.

रिपोर्ट यायला आठवडा लागेल. रिपोर्टात काहीही आलं तरी उतार चुकलाय तो चुकलाय, त्याला प्रयोगशाळेची वाट पाहायचं कारण नाही.

उद्या: एप्रिलचा नकाशा मागे घेत असल्याचं पत्र माझ्या सहीने मंडळात देणे, सर यायच्या आधी.