कल्हईची उपमा

भूमच्या आमच्या घरी दर वर्षी पितळी पातेल्यांना कल्हई होत असे. तापलेल्या पितळेवर नवसागराचा पांढरा, नाकात झोंबणारा धूर उठे. कापसाच्या बोळ्याखाली कथील पसरे आणि भांडे आतून रुपेरी होई. कल्हई कच्ची असली तर आंबट ताक पितळेने कळकून बेचव होई, म्हणून आई त्यात ताक ओतून ठेवी आणि संध्याकाळी जिभेवर थेंब घेऊन म्हणे, "कळकलं न्हाय. पक्की हाय."

तिच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत जाळी बसवली, तेव्हा डॉक्टरांनी मला दोन गोष्टी सांगितल्या. धातू रक्ताला परका. त्याच्या स्पर्शाने रक्त गोठू पाहते, म्हणून जाळीवर पॉलिमरचा पातळ लेप असतो. पण तेवढा पुरत नाही. शरीराचे स्वतःचे अस्तर जाळीवर चढेपर्यंत रक्त पातळ ठेवणारी गोळी एक दिवसही चुकवायची नाही.

"लोखंड घातलंय व्हय गं काळजात?" आईने विचारले.

"कल्हई करून घातलंय. रक्त कळकू नये म्हणून."

ती हसली. मलाही माझी उपमा फार आवडली. गोळी रोज घे, एवढे मी बजावले. का, ते सांगितले नाही. उपमेत ते बसत नव्हते.

चार महिन्यांनी त्या गोळीमुळे तिच्या हातांवर जांभळे डाग उमटू लागले, चूळ भरताना रक्ताची खारट चव येऊ लागली. तिने गोळी सोडली. मला विचारले नाही. शेजारच्या काकूंना मात्र म्हणाली होती, "कल्हईच्या भांड्यात ताक ओतल्यावर वरून रोज दवा टाकतो का आपण? माझी लेक लई शिकलेली हाय, तिनंच सांगितलंय."

आठव्या दिवशी छातीत कळ आली. जाळीतच रक्ताची गाठ झाली होती.

"गोळी बंद करायला कुणी सांगितलं?" दवाखान्यातला तरुण डॉक्टर चिडून म्हणाला.

आईने माझ्याकडे पाहिले. "कुणी न्हाय," ती म्हणाली. स्ट्रेचर आत जाताना तिच्या ओल्या, गार बोटांनी माझे मनगट धरले. "कच्ची निघाली गं तुझी कल्हई."

ती परतली नाही.

भेटायला येणारे म्हणत, लेकीनं आईचं लई केलं. मी मान खाली घालून ऐकत राहिले. तेराव्या दिवशी काकूंनी आईच्याच पातेल्यात ताक केले आणि वाटी माझ्यापुढे ठेवली. मी थेंब जिभेवर घेतला. ते कळकलेले नव्हते.

काकूंची पाठ वळताच मी ते मोरीत ओतले.