पोत्याएवढा माणूस

त्या साहेबांचं नाव मी विसरलो, पण पोह्यांवर तर्री ओतणारा त्यांचा हात विसरलो नाही. अग्निशमन दलाची भरती होती. उमेदवार किती वजन खांद्यावर घेऊन जिना उतरला की पास, हे ठरवायला ते बाहेरचे तज्ज्ञ म्हणून आले होते. मी समितीचा कारकून.

"पन्नास किलो," ते म्हणाले.

"पन्नासच काहून, साहेब?"

"इतवारीच्या बाजारात धान्याचं पोतं पन्नासचंच भेटते ना गा. वेगळं कोन भरत बसन?"

समितीने माना डोलावल्या. खुर्चीत न मावणाऱ्या साहेबांना मी विचारलं, "अन् आगीत तुमच्यासारखा भरल्या अंगाचा मानूस वर अडकला तर?"

रुमालाने ओठ टिपत ते म्हणाले, "माहं ऑफिस तळमजल्यावर हाये."