चपला काढून येणारा खुनी

माझा मित्र सर्जेराव गेला, आणि त्याचं एकुलतं एक हलतं चित्रण माझ्याकडे निघालं. त्यात त्याच्या तोंडावर पोतं आहे. ते मीच घातलं होतं.

महिन्यापूर्वी साताऱ्याला माझ्या कचेरीत फोन आला. सांगलीच्या पेठेत हळद तोलायच्या काट्याजवळ उभा असतानाच तो छाती धरून खाली बसला, तो उठलाच नाही... तेराव्याला त्याची बायको, सुनंदावहिनी, म्हणाल्या, "भावजी, तुमी दोघांनी शिनेमा काढलावता न्हवं? तेवढी कॅसेट आणा. पोरीला फोटो दावीन, पर बाप चालायचा कसा, ते कसं सांगू?" मी "आणतो की" म्हणालो. पोत्याचं बोलायचं धाडस झालं नाही.

मुखवटेवाल्या खुन्यांचे जुने परदेशी सिनेमे झिजलेल्या कॅसेटवर बघत आम्ही कॉलेज संपवलं. त्यांना मुजरा म्हणून आपणही एक नवा भयपट काढावा, ही अक्कल माझी. लग्नसराई संपल्यावर एका व्हिडिओवाल्याने कॅमेरा आणला. नायिका व्हायला एकही मुलगी तयार होईना. म्हणून बहिणीचा पंजाबी ड्रेस घालून, मिशीसकट, मीच नायिका झालो. त्या सिनेमांतला खुनी कधी पळत नाही आणि सर्जा तर सुटलेल्या एसटीमागेही पळायचा नाही, म्हणून तो खुनी. मुखवटा म्हणून हळदीच्या पोत्याला भोकं पाडली. आत तो शिंकून शिंकून बेजार.

"अरे, खुनी शिंकतो का?"

"मग तू घाल की पोतं!"

"छे! माझा चेहरा दिसायला पाहिजे लोकांना."

शेवटचा खून माझ्या मावशीच्या घरात होता. मी किंचाळतोय, दारात कोयता घेऊन सर्जा... आणि उंबऱ्याशी थांबून त्याने चपला काढल्या. पायानेच सरळ जोडून ठेवल्या आणि मग मला मारायला आत आला. मी ओरडलो, तर पोत्यातून आवाज आला, "मावशीनं आत्ताच फरशी पुसलीया, गड्या." कॅमेऱ्याची बॅटरी संपत आलेली, तेच ठेवलं.

कॅसेट मांडीवर घेऊन सांगलीच्या एसटीत बसलो. नवऱ्याला बघायला बसलेल्या बाईला मी पोतं दाखवणार होतो! वाटेत इस्लामपूरला उतरून परतीची साताऱ्याची गाडी शोधू लागलो. कंडक्टरने हाक मारली, मुकाट्याने परत चढलो.

शेजाऱ्यांकडून व्हीसीआर आणला होता. वहिनींच्या मांडीवर पोरगी, बाजूला काकी, सर्जाची आई. पडदाभर आधी माझंच तोंड, मग पोतं. "हा... सर्जा," मी म्हणालो. मी फरशीकडे बघत राहिलो. उठून बंद करावं, म्हणून बटणाकडे हात नेला...

"थांबा. मागं घ्या," वहिनी म्हणाल्या.

मागे घेतलं. तो पुन्हा दाराशी आला, पुन्हा चपला काढल्या, पायाने जोडल्या.

"दुकानातनं रोज असंच यायचं," वहिनी म्हणाल्या. "परत लावा."

किती वेळा लावलं, ठाऊक नाही. पोत्यात तो शिंकला तशी पोरगी खुदकन हसली. आणि एकदा चपला निघाल्या, तेव्हा तिने मान वळवून खऱ्या दाराकडे बघितलं. तिथे त्याचा जोड अजून तसाच होता, कोणी हलवला नव्हता.

टेप पुढे सरकली, पुन्हा माझं किंचाळतं तोंड आलं. काकींनी पदराने डोळे पुसले, पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"पोतं तुज्या तोंडावर घालायचं हुतंस की रं, बाबा!"