शेवटच्या नंबराची आगटी

आमच्या नौका क्लबात सहा होड्या आहेत, एक पत्र्याची शेड आहे आणि वारा अजिबात नाही. म्हणजे असतो, पण साडेआठनंतर. शर्यत मात्र सातला सुरू होते, कारण शर्यतीनंतर हुरडा असतो आणि निम्मे सभासद हुरड्यासाठीच सभासद झालेले आहेत. जानेवारीच्या सकाळी तलावाच्या मधोमध, बोटं बधिर होईस्तोवर, न हलणाऱ्या होडीत बसून राहायचं, याला आम्ही शिडाच्या होड्यांची शर्यत म्हणतो. सोलापुरात कुणाला हे सांगितलं की तो आधी विचारतो, "पाणी कुटं हाय?" आणि मग विचारतो, "थंडी कुटं हाय?" दोन्ही आहे. एकदा येऊन बघा म्हणावं.

मी शाळेत भूगोल शिकवतो. खारे वारे आणि मतलई वारे यांचे बाण फळ्यावर काढण्यात माझी बावीस वर्षं गेली. त्यामुळे मी होडी घेतली तेव्हा क्लबात सगळ्यांना जरा धास्तीच वाटली होती. ती धास्ती पहिल्याच शर्यतीत गेली. लागोपाठ चार हिवाळे माझा शेवटचा नंबर आला.

आमच्यात रीत अशी की ज्याचा नंबर शेवटचा, त्यानं आगटीपाशी बसून सगळ्यांना हुरडा भाजून द्यायचा. आगटी म्हणजे जमिनीतला खड्डा आणि त्यात गोवऱ्यांचा विस्तव. ज्वारीची कोवळी कणसं त्यात खुपसायची, भाजली की हातावर चोळायची. बाकीचे शेंगाचटणी आणि गूळ घेऊन ऐटीत बसतात आणि "आण की अजून!" म्हणून ओरडतात. भाजणारा धूर खातो, आणि उरला तर गार हुरडा. दुसऱ्या वर्षापासून लोकांनी माझा नंबर धरूनच टाकला. "मास्तरांचं ठरल्यालंच हाय, उगं येळ कशाला घालवायचा?" असं म्हणून शर्यत सुरू होतानाच आगटी माझ्या बायकोच्या ताब्यात देऊ लागले. बिचारी हुरडा खायला म्हणून यायची आणि गोवऱ्या फुंकत बसायची. मी पाण्यात, ती धुरात. यात काही चुकतंय असं मला तीन वर्षं वाटलं नाही, हे इथं कबूल करून टाकतो.

यंदा माझ्या होडीतल्या जोडीदारानं थंडीला भिऊन नातेपुत्यातलं कुणाचं तरी लग्न शोधून काढलं. होडीत दोघं लागतातच, तसा नियम आहे. शेवटी बायकोला विचारलं.

"येते की," ती म्हणाली. "पण यंदा शेवटचा नंबर आला, तर होडी माझ्या भावाला द्यायची."

तिचा धाकटा भाऊ वैरागला व्यापार करतो. शेतात त्याचं शेततळं आहे, तळ्यात मासे आहेत आणि आमच्या क्लबात त्याचीही होडी आहे. पण ती नवी. माशांचं खाद्य टाकायला नवी होडी कोण घाण करणार? त्यासाठी त्याचा डोळा माझ्या होडीवर होता. बायकोचंही खोटं नव्हतं. वर्षातले साडेअकरा महिने होडी आमच्या पोर्चमध्ये पालथी असते, तिची स्कूटर उन्हात तापते, आणि होडीचा घराला उपयोग एवढाच की उन्हाळ्यात तिच्यावर कुरडया वाळतात. तरीपण माझा जीव आहे त्या होडीवर. ती माशांच्या खाद्यानं बरबटलेली माझ्याच्यानं बघवली नसती.

शर्यतीच्या दिवशी बायको स्वेटर, त्यावर माझा स्वेटर, त्यावर चादर आणि त्यावर लाईफ जॅकेट घालून होडीत बसली. होडी तिच्या बाजूला कलली. मी दुसऱ्या कडेला सरकून बसलो. आमचे अध्यक्ष अक्कलकोटकडचे, धान्याचे जुने व्यापारी. काठावर आगटी पेटवून, शेकत शेकत त्यांनी शिट्टी वाजवली आणि नेहमीप्रमाणे कानडीत ओरडले, "होग्री!" म्हणजे जावा. कुणीच गेलं नाही. सहाही होड्या मधोमध जाऊन थांबल्या होत्या, तिथंच राहिल्या.

दीड तासानं मेहुण्यानं शेजारच्या होडीतून थर्मास दाखवला. "दाजी, च्या घेता का?" मग बहिणीला विचारलं, "अक्का, तुमच्या होडीत खाद्याची पोती किती बसतील गं?"

"तीन," बायको म्हणाली. शांतपणे! माझ्या होडीत बसून!

"दाजीला नुसतं बसवलं तरी तेवढंच वजन भरतंय की," तो म्हणाला, आणि पाचही होड्या हसल्या.

इथं तो चुकला. मला नावं ठेवायचा हक्क माझ्या बायकोनं आजवर दुसऱ्या कुणाला दिलेला नाही. तिनं कानटोपी मागं सारली आणि काठावरच्या आगटीकडं बघितलं.

"अहो, धूर वाकला. होडी काठावरच्या पंपाच्या खोलीकडं घ्या."

मी तिला समजावू लागलो की अजून जमीन पुरती तापलेली नाही, आणि जमीन तापल्याशिवाय...

"तुमचा फळा ऱ्हाऊ द्या तिकडं! तीन वर्षं हा धूर माझ्या डोळ्यांत गेलाय. आदी सरळ वर जातो. मग त्या खोलीकडनं वारं सुटलं की पाण्याकडं वाकतो. मी उठून दुसऱ्या अंगाला बसते, आन् जरा वेळानं तुमची शिडं हलत्यात. दर वर्षी."

"मग सांगितलं का नाहीस?"

"इचारलं कधी?"

मी सुकाणू फिरवलं. आम्ही मुंगीच्या पावलांनी काठाकडं निघालो. "दाजी, घरी निघाला का?" मेहुणा ओरडला. तेवढ्यात पंपाच्या खोलीमागचं बाभळीचं झाड सळसळलं, मी होडी परत फिरवली, माझ्या मानेला गार लागलं आणि शीड फाडकन फुगलं. माझी होडी पाणी कापताना आवाज करते हे मला त्या दिवशी कळलं. बाकीच्या पाच होड्या अजून चहा पीत होत्या आणि आम्ही त्यांच्या नाकासमोरून गेलो. बायको दोन्ही हातांनी शिडाची दोरी धरून हसत होती. एवढी हसताना मी तिला बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं.

तलावाच्या त्या टोकाला एक पिवळं पिंप तरंगत असतं, त्याला वळसा घालून परत यायचं असतं. पिंपापाशी आम्ही पहिले पोचलो आणि माझं डोकं चालेना. आजवर मी कायम कुणाच्या तरी मागं जाऊन वळलो होतो. पुढं कुणीच नसल्यावर कुठल्या अंगानं वळायचं तेच आठवेना. मी उलटा वळलो. अध्यक्षांनी शिट्टीवर शिट्टी वाजवली. बायकोनं मला जे ऐकवलं ते इथं लिहिता येणार नाही. पुन्हा मागं जाऊन सुलटा वळसा घालेपर्यंत चार होड्या निघून गेल्या, आणि मेहुणा अगदी खेटून आला.

शेवटी आमचं टोक त्याच्या टोकाच्या हातभर पुढं होतं. पाचवा नंबर! सहातला पाचवा. आम्ही दोघं होडीत उभं राहून ओरडलो आणि पाण्यात पडता पडता वाचलो.

मेहुणा आगटीपाशी बसला. त्याला भाजायचं काय कळतंय? पहिली चार कणसं त्यानं कोळसा केली. "जळालं की रे!" म्हणत बायको सवयीनं उठलीच. मी तिला हाताला धरून खाली बसवलं, चटणीची वाटी तिच्या पुढ्यात सरकवली, आणि जाऊन मेहुण्याला उठवून आगटीपाशी बसलो.

"मास्तर, यंदा तुमचा नंबर न्हाय!" अध्यक्ष म्हणाले.

"मागचे चार माझेच होते की," मी म्हणालो.

धूर सरळ डोळ्यांत आला. काहीच दिसेना, पण ओळीतून हाक ऐकू आली, "अहो, आणा की अजून!" सगळ्यांत मोठा आवाज तिचाच होता. मी डोळे पुसत पुसत पहिली मूठ चोळली आणि तिच्या हातावर नेऊन ठेवली. चांगली गरम होती.