यादीतलं शेवटचं नाव

भूकंपानंतर उभ्या राहिलेल्या पत्र्याच्या शेडमागं आमच्या गल्लीची पोरं फुटबॉल खेळायची. मी बारावीला होतो. क्लासपायी खेळणं जमायचं नाही, म्हणून बाहेरून ओरडायचो. त्या वर्षी आपल्या पोरांनी लातूरची लीग जिंकली.

दुसऱ्या दिवशी चहाच्या हॉटेलात आमचा गोलकीपर जिल्ह्याच्या संघाची यादी मोठ्यानं वाचत होता. लीगभर एकच गोल खाल्लेला हा पोरगा, आणि त्याचंच नाव येईना. जी नावं आली ती बॉलला कधी पाय न लावलेल्या क्लासवाल्या पोरांची. जिल्ह्याकडून खेळलं की बारावीला वाढीव मार्क मिळायचे, अन् मेडिकलला एकेका मार्कासाठी मारामारी होती. माझं डोकंच फिरलं.

"ह्यांच्या बापांना लाज न्हाई का?" मी टेबलावर हात आपटला.

शेवटच्या नावाशी गोलकीपर थांबला आणि माझ्याकडं बघू लागला. ते नाव माझं होतं. वडिलांनी मला न विचारता ओळख लावली होती.

घरी जाऊन मी त्यांच्याशी कडाडून भांडलो. दोन दिवस जेवलो नाही. यादीतून माझं नाव काढा, एवढं मात्र म्हणालो नाही.