फोटोतली सूचना

सालेकशाकडच्या एका कॉलेजची वेबसाइट मी केली होती. सूचना मजकूर म्हणून टाइप करायच्या असतात, हे मला ठाऊक होतं. पण कंटाळा केला आणि छापील कागदांचे फोटोच पानावर चिकटवले. दिसायला झकास दिसत होतं. प्राचार्यांनी कौतुकही केलं.

मग एका बाईंचा फोन आला. त्यांना जन्मापासून दिसत नाही. मोबाइल पडद्यावरचं वाचून दाखवतो, ते ऐकून त्या सगळी कामं करतात; पण फोटोतली अक्षरं त्यांच्या मोबाइलला वाचता येत नाहीत.

"तुमच्या पानावर माहा फोन काऊन नुसता 'चित्र, चित्र' म्हणून राहिला जी? प्रवेशाची तारीख कोनती हाये?"

तारीख दोन दिवसांपूर्वीच उलटली होती. मी तसं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. "मंग पुढच्या साली पाहू," एवढंच म्हणाल्या.

मी प्राचार्यांना माझी चूक सांगितली, पण जागा भरल्या होत्या. आठवडाभर बसून मी अख्खी वेबसाइट नव्याने लिहिली. सगळ्या सूचना टाइप केल्या, मोबाइलला ओळखता येतील अशी शीर्षकं दिली, अर्जातल्या प्रत्येक चौकटीला त्याला वाचता येईल असं नाव दिलं.

पुढच्या वर्षी त्या बाईंनी अर्ज एकटीने भरला आणि आवर्जून फोन करून माझे आभार मानले. ते आभार मी घेतले. तुमचं एक वर्ष माझ्या आळसापायी गेलं, हे काही माझ्या तोंडून निघालं नाही.